कुणाचे घड्याळ खरे?

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हमरस्ते जेथे एकमेकांस छेदतात ते ठिकाण म्हणजे आळेफाटा. आणि त्याला लागूनच जुन्नर तालुक्यातले आळे हे जुने गाव. या गावात सूर्य ऐन मध्यान्हीला येतो तेव्हा मनगटावरच्या घड्याळात बारा वाजलेले नसतात. वर्षभराची सरासरी काढली तर बारा वाजून चौतीस मिनिटे झालेली असतात. फेब्रुवारीत हा उशीर पाऊण तासाच्याही पुढे जातो, आणि दिवाळीच्या सुमारास तो कमी होऊन सतरा-अठरा मिनिटांवर येतो. म्हणजे वर्षातल्या एकाही दिवशी आळ्याचे मध्यान्ह आणि घड्याळाचे बारा यांची गाठ पडत नाही.

यात चमत्कारिक असे काही नाही. आपली प्रमाणवेळ ही ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची वेळ. आळे आहे सुमारे ७४ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. तेव्हा सूर्याला मिर्झापूरहून आळ्याला यावयास चौतीस मिनिटे लागणारच. हिशेब अगदी सरळ आहे. पण तो मांडल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो तितका सरळ नाही. गावाने स्वतःचा सूर्य सोडून दुसऱ्याची वेळ स्वीकारली ती कोणाच्या सांगण्यावरून? आणि ज्याची वेळ आपण घेतो त्याचे घड्याळ खरे, हे ठरविले कोणी? आज आपल्या खिशातल्या फोनपासून बँकेच्या संगणकापर्यंत कोट्यवधी यंत्रे दिवसरात्र एकमेकांशी वेळ जुळवीत असतात, त्यांच्यापुढेही नेमका हाच प्रश्न उभा असतो. त्या प्रश्नाचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

आपल्या आजा-पणजांच्या काळी हा प्रश्न नव्हता, कारण ज्याची त्याची वेळ ज्याच्या त्याच्या गावात होती. सूर्योदयापासून मोजणी सुरू करावयाची. अहोरात्राच्या साठ घटका, घटकेची साठ पळे, पळाची साठ विपळे. घटका म्हणजे आजची चोवीस मिनिटे आणि पळ म्हणजे चोवीस सेकंद. ती मोजावयाचे साधन म्हणजे घटकापात्र: बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. घंगाळातल्या पाण्यावर ती तरंगत सोडावयाची. छिद्रातून पाणी आत शिरून ती बुडाली की एक घटका झाली. लग्नघरी मुहूर्ताच्या वेळी जोशीबुवा या वाटीवर डोळा ठेवून बसत. वाटी किंचित लवकर बुडाली तरी फारसे बिघडत नसे. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवे आणि सारा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. घटकापात्राची चूक एका दिवसापुरती असे, कारण आकाश रोज ती दुरुस्त करी.

पण ज्या हिशेबाला रोजच्या रोज दुरुस्ती नाही तेथे काय होते, याचा धडाही महाराष्ट्राने चांगलाच घेतलेला आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचला. ग्रहांची स्थाने त्रिकोणमितीच्या दगदगीवाचून काढून देणारा हा ग्रंथ इतका सोयीचा ठरला की, शेकडो वर्षे पंचांगे त्याच्यावरूनच होत राहिली. ग्रंथ उत्तम होता. पण उत्तम घड्याळही किल्ली देऊन तसेच चालू ठेवले की हळूहळू सरकते. एकोणिसाव्या शतकात गणिताने काढलेली ग्रहणे आणि डोळ्यांनी पाहिलेली ग्रहणे यांत फरक दिसू लागला. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक वेधांवरून गणित करून १८६५ च्या सुमारास नवे पंचांग सुरू केले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनीही पंचांगशोधनाची बाजू घेतली. वाद मोठा झाला. जुन्या पक्षाचे म्हणणे, आमच्या ग्रंथाला परंपरा आहे. नव्या पक्षाचे म्हणणे, ग्रंथ आणि आकाश यांत भांडण लागले तर आकाशाचे ऐकावे. हा वाद धर्मशास्त्राचा दिसला तरी मुळात तो घड्याळ लावण्याचाच वाद होता.

दुसरा वाद मुंबईत झाला, आणि तो याहून जास्त पेटला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली आणि त्या दिवसापासून गावोगावच्या सूर्यांवर संक्रांत आली. गाडीला वेळापत्रक लागते. आणि प्रत्येक स्टेशनाचा बारा वाजण्याचा क्षण निराळा असेल तर वेळापत्रक कसे छापावयाचे? मुंबई आणि कलकत्ता यांच्या मधली म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी ती मुंबई शहरालाही लावू पाहिली. शहराने इतकी कुरकूर केली की, दोन वर्षांत तो हुकूम मागे घ्यावा लागला.

मग १ जानेवारी १९०६ रोजी ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ हिंदुस्थानभर लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचपुढे चार तास एकावन्न मिनिटे; म्हणजे शहराचे घड्याळ एकदम एकोणचाळीस मिनिटे पुढे ढकलले गेले. हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो. पण पहाटेच्या भोंग्याला गिरणीत हजर राहणाऱ्या माणसाला तो आकडा झोपेतून कापून द्यावा लागतो. त्याच जानेवारीत मुंबईतल्या गिरणी-कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद केले आणि दगडफेकही केली. वंगभंगाच्या चळवळीने वातावरण आधीच तापलेले होते; सरकारने देश तोडला आणि आता दिवसही तोडला, अशी लोकांची भावना झाली असल्यास नवल नाही. मुंबई म्युनिसिपालिटीने आपल्या घड्याळांवर मुंबईचीच वेळ ठेवली, आणि ती थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ पन्नास वर्षे, स्वराज्य आल्यानंतरही १९५५ पर्यंत टिकली. स्टेशनवर एक वेळ आणि शहरात दुसरी. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे होती, तेव्हा या दोन वेळांतले अंतर शंभर मिनिटांना टेकले होते.

या भांडणात आळ्याला कोणी विचारले नाही. आगगाडी आळ्याला आलीच नव्हती. आणि गंमत अशी की, ज्या ‘आपल्या’ मुंबई वेळेसाठी एवढा झगडा झाला ती तरी आळ्याची कोठे होती? आळ्याचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा पाच मिनिटे आधी माथ्यावर येतो. प्रत्येक सामायिक वेळ ही कोणा एकाची वेळ असते आणि बाकीच्यांनी ती पत्करलेली असते. प्रश्न उरतो तो एवढाच की, ती पत्करावयास लावताना विश्वास कशाच्या जोरावर मागितला: हुकमाच्या की पुराव्याच्या?

संगणकांच्या जगाने या प्रश्नाला जे उत्तर शोधले ते मला मोठे उद्बोधक वाटते. संगणकात घड्याळ असते. ते गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाच्या स्पंदनांवर चालते. स्वस्त स्फटिक दिवसाला सेकंद-दीड सेकंद सहज चुकतो, आणि उष्णतेने त्याची चाल आणखी बदलते. एकट्या यंत्राला त्याची फिकीर नाही. पण हजारो यंत्रे तारेने जोडली की गोष्ट पालटते. एका यंत्रावरून दहा वाजता निघालेले पत्र दुसऱ्यावर नऊ वाजून एकोणसाठ मिनिटांनी पोचलेले दिसू लागते. मुलाचा जन्म बापाच्या आधी नोंदला जातो. पैसे आधी काढले की आधी भरले, तिकीट आधी कोणी मागितले, चोर आधी शिरला की दार आधी उघडे राहिले, हे सारे निवाडे मग अशक्य होतात.

अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनी या कामाला आपले आयुष्य वाहिले. १९३८ साली जन्मलेल्या मिल्स यांची दृष्टी लहानपणापासून काचबिंदूने अधू होती आणि उतारवयात ती पार गेली. स्वतःला घड्याळाचा काटा नीट न दिसणाऱ्या या माणसाने जगातल्या यंत्रांची घड्याळे जुळविली. त्यांची पद्धत १९८५ साली ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ या नावाने लिखित स्वरूपात आली. एनटीपी या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते, आणि सुधारत सुधारत आजही चालू आहे. १७ जानेवारी २०२४ रोजी मिल्स वारले.

त्यांच्या युक्तीचा गाभा समजावयास संगणकाची गरज नाही, घोडेस्वार पुरे. समजा, आळ्याच्या घड्याळात आठ वाजता एक स्वार जुन्नरला निघाला. जुन्नरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटांनी तो पोचला, साडेदहाला तेथून परत फिरला, आणि आळ्याच्या घड्याळात अकरा पन्नासला घरी आला. आळ्याच्या मते तो एकूण दोनशे तीस मिनिटे बाहेर होता. पैकी दहा मिनिटे जुन्नरला थांबला, तेव्हा वाटेत गेली दोनशे वीस. जाता-येता निम्मी निम्मी धरली तर एकशे दहा. म्हणजे आळ्याच्या घड्याळाने तो नऊ पन्नासला पोचला असला पाहिजे. जुन्नरच्या घड्याळात मात्र दहा वीस होते. तात्पर्य, जुन्नरचे घड्याळ आळ्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. वेळेच्या चार नोंदी आणि एक भागाकार; स्वाराचा वेग किती हे कोणाला ठाऊक असावयाचीही गरज नाही.

यात एकच छिद्र आहे. जाण्याची वाट चढाची आणि येण्याची उताराची असेल तर निम्मे निम्मे धरणे खोटे पडते. तारेवरच्या वाटाही अशाच कधी तुंबलेल्या, कधी मोकळ्या असतात. म्हणून एकदाच विचारून भागत नाही. पुन्हापुन्हा विचारावे लागते, आणि ज्या खेपेला स्वार सर्वांत लवकर परतला त्या खेपेची साक्ष अधिक धरावी लागते. शिवाय ज्याला विचारावयाचे त्याचेच घड्याळ बिघडलेले असेल तर? म्हणून अनेकांना विचारावयाचे. प्रत्येकजण आपली वेळ सांगतो आणि आपल्या हातून किती चूक संभवते तेही. जास्तीत जास्त साक्षीदारांची विधाने जेथे एकमेकांत बसतात तेवढा वेळेचा पट्टा खरा धरावयाचा, आणि जो त्यात बसत नाही त्याला बाजूस सारावयाचे. या विचाराची मांडणी कीथ मार्झुलो यांनी १९८४ च्या आपल्या प्रबंधात केली आणि मिल्स यांनी ती पद्धतीत गोवली.

या व्यवस्थेत पायऱ्या आहेत हे खरे. सर्वांत वर परमाणू-घड्याळे आणि उपग्रह. त्यांना जोडलेले संगणक पहिल्या पायरीवर, त्यांना विचारणारे दुसऱ्या पायरीवर, असे खाली खाली. पण वरची पायरी मिळाली म्हणून कोणाचा शब्द प्रमाण होत नाही. पहिल्या पायरीवरचे घड्याळ जरी इतरांशी विसंगत बोलू लागले तरी ते बाद. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. पैठणच्या पंडितांनी अधिकार विचारला आणि वेद रेड्याच्या मुखातून बाहेर पडले, ही कथा मराठी मुलाला आईच्या मांडीवर कळते. बोलणाऱ्याचे कुळ न पाहता बोल पारखावा, हे त्या कथेचे मर्म. मिल्स यांच्या गणिताचेही याहून निराळे नाही.

आणखी एक सभ्यता या पद्धतीत आहे. घड्याळ थोडे मागेपुढे असल्याचे कळले की ते एकदम हिसका देऊन सरळ करावयाचे नाही. चाल किंचित वाढवून वा मंदावून ते हळूच जागेवर आणावयाचे. एरवी काही क्षण दोनदा येतील किंवा मुळीच येणार नाहीत, आणि यंत्रे गोंधळतील. तो गोंधळ जगाने पाहिलाही. पृथ्वीची फिरण्याची गती परमाणू-घड्याळाशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालीत आले. २०१६ च्या अखेरपर्यंत असे सत्तावीस घातले गेले. २०१२ च्या १ जुलैला, आपल्याकडे पहाटे साडेपाचला, असा एक सेकंद आला आणि जगभरचे कितीतरी संगणक त्या एका सेकंदाला अडखळून पडले. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरविले की, २०३५ पर्यंत ही प्रथा थांबवावयाची. याचा अर्थ नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. आळ्याने आपला सूर्य मिर्झापूरच्या रेषेसाठी सोडला. आता मानवजात हळूहळू खुद्द सूर्याचीच गाठ सैल करावयास निघाली आहे.

पण आकाशाला घड्याळाच्या खोलीतून संपूर्ण बाहेर काढता येत नाही, आणि हे कळते तेही आळ्याच्या शेजारीच. आळ्यापासून तीन-चार कोसांवर खोडद आहे. तेथे आणि भोवतालच्या गावांच्या शेतांत मिळून तारेच्या जाळीच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा तबकड्या मध्यभागी, सुमारे एका चौरस किलोमीटरात. उरलेल्या सोळा तीन दिशांना फाकलेल्या. दूरच्या दोहोंमध्ये पंचवीस किलोमीटर अंतर. गोविंद स्वरूप यांनी १९८४ च्या सुमारास कल्पिलेली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभी केलेली ही जीएमआरटी दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी जगातल्या शास्त्रज्ञांना अर्पण झाली. अंतराळातून येणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते.

तीस तबकड्यांची एक दुर्बीण होते ती निव्वळ वेळेच्या बळावर. एकच लहर एका तबकडीवर आधी आणि दुसरीवर मागाहून पोचते. शिवाय चौदा किलोमीटरवरून काचतंतूतून मध्यवर्ती इमारतीत यावयास संदेशाला सेकंदाचे सत्तर दशलक्षांश लागतात. ही सारी अंतरे वजा करून तिसांचे सूर एका क्षणावर आणले तरच चित्र उमटते. येथे एनटीपीची हजारांशाची अचूकता पुरत नाही. सेकंदाच्या अब्जांशाचा हिशेब लागतो, आणि अब्जांशात प्रकाश स्वतः जेमतेम फूटभर चालतो. त्यासाठी परमाणू-घड्याळे आणि उपग्रहांची वेळ.

याच दुर्बिणीतून स्पंदक तारे ऐकले जातात. सूर्याहून जड, पण एखाद्या शहराएवढा आकार, आणि फिरताना दीपगृहासारखा झोत फेकणारे हे तारे. १९८२ साली डॉन बॅकर आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा असा एक तारा शोधला. त्या सहकाऱ्यांत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. या ताऱ्यांचे ठोके परमाणू-घड्याळांशी स्पर्धा करावीत इतके नियमित असतात. आता समजा, ठोका अपेक्षेपेक्षा किंचित आधी आला. चूक कोणाची? एकाच ताऱ्याचा ठोका हुकला तर तो ताराच संशयित. सगळ्या ताऱ्यांचे ठोके सारखेच आधी आले तर आपलेच घड्याळ मागे पडलेले. पण दोन ताऱ्यांच्या चुका त्यांच्यामधल्या कोनाच्या प्रमाणात विशिष्ट तऱ्हेने जुळू लागल्या, तर दोषी ना तारा ना घड्याळ. मधले अवकाशच गुरुत्वलहरींनी हेलकावते आहे. २९ जून २०२३ रोजी जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी अशा हेलकाव्याचा पुरावा जाहीर केला. त्यात खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता. छत्र्यांनी ग्रहणावरून पंचांग तपासले, तीच ही रीत. प्रमाण तेवढे पालटले.

या अचूकतेची किंमत आसपासच्या गावांना चुकवावी लागते, हेही सांगितले पाहिजे. दुर्बिणीला शांतता हवी, म्हणून परिसरात कारखानदारीवर बंधने आहेत. आणि पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मूळ मार्ग याच पट्ट्यातून जात असल्याने दुर्बिणीपाशी अडला. दीडशे वर्षांपूर्वी जिच्या वेळेने गावोगावच्या सूर्यांना दूर सारले ती आगगाडी आळ्याच्या भागाला अजून लाभलेली नाही, आणि या खेपेला ती अडते आहे जगातल्या सर्वांत काटेकोर कालमापनापायी. आळेफाट्याच्या बाजारात कांदा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याने यात आपले काय, असे विचारले तर तो प्रश्न गैर नाही. जगाच्या कामी येणाऱ्या शांततेचे मोल जगाने, निदान सरकारने, तेथल्या माणसाला कळेल अशा रीतीने चुकविले पाहिजे. १९०६ साली गिरणी-कामगाराला कोणी समजावून सांगितले नाही. ती चूक पुन्हा होऊ नये.

आपल्या देशाची प्रमाणवेळ आज दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सीझियमच्या घड्याळांवर राखली जाते. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने आज्ञा काढली की, देशातल्या कंपन्यांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी आपले संगणक या प्रयोगशाळेच्या अथवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळवून घ्यावेत. हेतू योग्य आहे: गुन्हा घडला तर निरनिराळ्या यंत्रांच्या नोंदी एका रेषेत लावता याव्यात. या वेळी कोणी दगड मारला नाही. बहुतेकांना आज्ञा निघाल्याचे कळलेही नाही. वेळ आता इतक्या मुकाट्याने येते की, ती कोठून येते हे विचारावयाचे आपण विसरलो आहोत. ज्यावर सारे जग विसंबून आहे ते मिल्स यांचे सॉफ्टवेअर २०१५ च्या सुमारास जवळजवळ एकहाती आणि पैशाच्या ओढाताणीत सांभाळले जात होते, हेही फारच थोड्यांना ठाऊक.

म्हणून जुना प्रश्न जागा ठेवणे बरे. सामायिक वेळेवाचून आता कोणाचेच चालणार नाही. आळ्याने आपल्या मध्यान्हीचा हट्ट धरावा असे कोणी म्हणणार नाही. पण एकाच घड्याळाच्या स्वाधीन होणे निराळे आणि अनेकांची साक्ष काढून एका वेळेवर येणे निराळे. पहिल्याला आज्ञापालन म्हणतात, दुसऱ्याला एकमत. कोणतेच घड्याळ संपूर्ण खरे नसते. खरे असते ते एकमेकांना तपासत राहणे, आणि तपासताना आपलेही घड्याळ चुकलेले असू शकेल एवढी जागा मनात ठेवणे.